वहिनींचं देणं

वहिनींचे उपकार सांगायचे तर सुरुवात कुकरपासून करावी लागेल. घरातली माणसं माझ्या जेवणात काहीतरी कालवतात, अशी त्या काळात माझी पक्की खात्री होती. कानात येणारा आवाज तसं बजावायचा, आणि तो मला दादाच्या आवाजाइतकाच खरा वाटायचा. दादा चिडे. आई रडे, शपथा घाले. वहिनींनी कधी वाद घातला नाही. वाफ जिरलेला कुकर न उघडता त्या माझ्यासमोर आणून ठेवायच्या. "भाऊजी, झाकण तुम्हीच काढा. आधी मला वाढा, मग तुम्ही घ्या." त्यांनी चार घास खाल्ले की मी जेवायला लागे. "तुम्हाला ऐकू येतंय ते मला येत नाही, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय मला," एवढंच म्हणत. त्यांनी मला खोटं पाडलं नाही आणि माझ्या संशयाला होकारही भरला नाही. पुढे डॉक्टरांनी घरच्यांना हेच समजावलं. वहिनींना ते आधीच उमगलं होतं.

दोन औषधांनी गुण आला नाही, तेव्हा क्लोझापिन सुरू झालं. इतर औषधांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया अनेकदा त्याने आटोक्यात येतो. मात्र क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. त्या खेपांना वहिनी सोबत असायच्या. या गोळीने रात्री लाळही गळते. तिशीतल्या माणसाला सकाळी भिजलेल्या उशीची किती शरम वाटते, हे मी सांगू शकणार नाही. एक दिवस उशीवर जुना मऊ पंचा अंथरलेला दिसला. मग रोज धुतलेला पंचा असे. त्याबद्दल घरात कधी अवाक्षर निघालं नाही.

आवाज मागे हटले, तरी अंथरुणातून उठणं, अंघोळ करणं डोंगराएवढं वाटे. लोक त्याला आळस म्हणतात. तो आजाराचाच भाग असतो. वहिनी मेथीची जुडी पुढ्यात टाकत. "एवढी निवडून द्या, भाजी अडलीय." आणि ती खरोखरच अडलेली असे. मला रमवायला काढलेलं ते काम नव्हतं, म्हणून तर मी उठत असे.

२००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला. त्यातला अतुल कुलकर्णींनी साकारलेला स्किझोफ्रेनियाग्रस्त शेष पाहून आमच्या शेजारणीने पहिल्यांदाच वहिनींना मोकळेपणाने माझी चौकशी केली. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली होती. वाणी कॅनडात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. वहिनी तिथल्या स्वमदत गटात जाऊ लागल्या. "तिथे मी तुमच्यावर भडाभडा चिडून घेतलं, भाऊजी. सगळं सोडून निघून जावंसं वाटतं, असंही बोलले," हे त्यांनीच पुढे मला सांगितलं. नातेवाईक त्यांना देवी म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही. जाण्याची इच्छा झालेली बाई माझ्यासाठी थांबली होती, आणि तिचं ऐकून घेणारी माणसं तिला भेटली. त्या अनोळखी माणसांचंही माझ्यावर ऋण आहे.

आता मी एका छापखान्यात मुद्रितं तपासतो. रात्रीची गोळी चालू आहे. आवाज अधूनमधून येतो; मी त्याला ओळखतो आणि हातातली ओळ पुरी करतो. गेल्या वर्षी वहिनी मैत्रिणींबरोबर काशीला जाऊन आल्या. निघताना फ्रीजमधल्या डब्यांपासून गॅसच्या नंबरापर्यंत दादाला सगळं बजावलं. माझ्या गोळ्यांचा विषय काढलाच नाही.