माणिक की मानिक?

घरी पाहुणे आले की आमची छकुली गोष्टीचे पुस्तक घेऊन पुढे बसे आणि धडाधड वाचून दाखवी. वय अवघे सव्वाचार वर्षांचे! पाहुणे कौतुक करीत आणि मला धन्यता वाटे. मासिकाच्या कचेरीत भाषांतर आणि संपादन हा माझा व्यवसाय. तेव्हा अक्षरांची आवड लेकीत उतरली, अशी मी मनोमन समजूत करून घेतली होती.

एके दिवशी पुस्तकाची दोन पाने दूध सांडून एकमेकांस चिकटली. छकुलीने ती तशीच उलटली. परंतु गोष्टीत खंड पडला नाही. झाकलेल्या पानांवरील मजकूरही तिने जसाच्या तसा म्हटला! ती वाचीत नव्हतीच. रोज रात्री ऐकलेली गोष्ट तिला मुखोद्गत झाली होती.

खरे पाहता यात खेद मानण्याजोगे काही नव्हते. पुस्तकात गोष्ट दडलेली असते, पाने क्रमाने उलटायची असतात, हे कळणे हीच वाचनाची पहिली पायरी. पण माझा अभिमान दुखावला होता. दुसऱ्याच दिवशी मी अक्षरांचे पत्ते आणले आणि रोज संध्याकाळी उजळणी सुरू केली. पंधरा दिवसांत छकुलीचे "डोळे दुखू" लागले. एकदा तांदूळ काढताना मला तिचे ते आवडते पुस्तक डब्याच्या मागे लपवलेले सापडले. तेव्हा मात्र माझ्या मनात चर्र झाले.

माझे माहेर झाशीचे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी तेथील मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो आणि मी आईला सारी हकीकत सांगितली. ती एवढेच म्हणाली, "पत्ते पेटीतच राहू देत. पोरीला माझ्याकडे सोड."

आईने परातीत रांगोळी पसरली. छकुलीला हवा तोच शब्द ती बोटाने गिरवून दाखवी. अ-आ-इ-ईचा क्रम नाही की उजळणी नाही. आधी 'छकुली', मग 'आजी', मग 'दाणे', 'बाळ'. कंटाळा आला की परात हलवायची आणि अक्षरे पुसून टाकायची.

आपल्याकडील जुनी धूळपाटी ती हीच. १९०७ साली रोममध्ये मारिया माँटेसोरी यांनी बालगृह काढले. तेथील मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत आणि वाचनाआधी लिहू लागत. आपल्या देशात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले, तेव्हा शिंपले, बिया, पाने हीच त्यांची शिक्षणसाधने झाली. माझ्या आईने यांपैकी काही वाचले नव्हते. पण बोटाला कळलेले अक्षर डोळ्याला लवकर ओळखू येते, हे तिला ठाऊक होते.

सकाळी आजी नातीला घेऊन बाजारात जाई. "तुझ्या नावातला 'ल' शोध पाहू!" एवढाच खेळ. एक दिवस मीही बरोबर होते. आई म्हणाली, "चला, माणिक चौकातून जाऊ." एका दुकानाच्या पाटीखाली छकुली थबकली. ओठ हलले, वेलांटीपाशी अडखळले, पुन्हा हलले.

"आजी, इथे दाण्यातला 'ण' नाही. 'मानिक' लिहिलंय!"

आई हसली. "बरोबर आहे, बाळ. इथले लोक मानिकच म्हणतात. माणिक आपल्या घरातलं."

मी मात्र स्तब्ध झाले. कानाने ऐकले होते 'माणिक'. डोळ्यांनी सांगितले 'मानिक'. आणि तिने डोळ्यांवर विश्वास ठेवला. पाठांतर येथे उपयोगाचे नव्हते. हे खरे वाचन! शिवाय एकाच लिपीत दोन भाषा नांदतात, हेही तिला त्याच क्षणी उमगले.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची सांगड बहुतांशी ठरलेली असते, म्हणून आरंभ सोपा वाटतो. परंतु ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहावी आणि मागून उच्चारावी लागते. जोडाक्षरे तर आणखी अवघड. तेथे मूल अडखळणारच. ते अडखळत असताना आपण गप्प बसणे, हीच पालकांची खरी परीक्षा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ पायाभरणीचा मानला आहे. पाच वर्षे हाताशी असता मी पंधरा दिवसांत पाया भरू पाहत होते!

आता छकुली रात्री दोन ओळी वाचते, पुढची गोष्ट मी वाचते. ती चाचरते, थांबते, चुकते. पाहुण्यांना दाखवण्याजोगे त्यात काहीच नाही. पण पुस्तक पुन्हा तिच्या उशाशी आले आहे.