पाच पदार्थांचे ताट

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. ज्वारी, बाजरी, नाचणी या धान्यांचे महत्त्व लोकांना कळावे, हा त्यामागचा हेतू होता. त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात रोह्याच्या एका शाळेने पालकांसाठी पौष्टिक पाककृतींची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक म्हणून मला बोलावले. मला धड चहाही करता येत नाही. पण काम खाण्याचे आहे म्हटल्यावर मी लगेच होकार दिला.

सकाळी पेणहून गाडीत बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. कासू, नागोठणे मागे पडले आणि भाताची हिरवीगार शेते पाहता पाहता रोहे आले.

स्पर्धेचे नियम सोपे होते. ताटात पाच पदार्थ हवेत, साहित्य आपल्या भागातले हवे आणि खर्च कमी हवा. चव, पोषण आणि मांडणी यांना गुण होते.

बहुतेक ताटे नटलेली होती. कुठे टोमॅटोची फुले, कुठे काकडीची पाने! शेवटच्या टेबलापाशी मात्र एक ताई अवघडून उभ्या होत्या. त्यांच्या ताटात नाचणीचे आंबील, टाकळ्याची भाजी, कडव्या वालांचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि नाचणीचे लाडू होते. सजावट काहीच नव्हती. चव घेण्याआधीच मी मनात कमी गुण देऊन टाकले.

मग आंबिलाचा घोट घेतला. ताक आणि जिरे यांमुळे ते छान लागत होते. टाकळा किंचित कडवट होता, पण लसणाच्या फोडणीने त्याला खमंग वास आला होता. मोड आणून सोललेले वाल ओल्या खोबऱ्यात मऊ शिजले होते. त्यांना आमसुलाचा आंबटपणा होता.

"ताई, टाकळा कुठून आणलात?" मी विचारले.

"विकत नाही आणला, सर. पावसात माळावर आपोआप उगवतो. माझी मुलगी घरी आवडीने खाते. पण डब्यात नेत नाही. मुली हसतात म्हणते."

मी गप्प झालो. लहानपणी पेणच्या शाळेत मीही अम्मीने दिलेली नाचणीची काळी भाकरी रुमालाखाली लपवून खात असे. कधी कधी ती तशीच परत नेत असे. अम्मी काही बोलत नसे. ती भाकरी मुकाट्याने स्वतः खाई.

माझ्याबरोबर एक डॉक्टर बाई परीक्षक होत्या. त्या म्हणाल्या, "१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात त्याचा विसावा भागही नसतो. शिवाय तांदूळ आणि वाल एकत्र खाल्ले, की एकातली प्रथिनांची उणीव दुसरे भरून काढते."

मी मनातले गुण पुसले आणि नव्याने लिहिले. त्या ताटाला दुसरा क्रमांक मिळाला. ताईंची मुलगी धावत आली आणि मैत्रिणींना लाडू वाटू लागली. डबा क्षणात रिकामा झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी म्हणालो, "अम्मी, उद्या डब्यात नाचणीची भाकरी दे."

अम्मीने माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "परत तर आणणार नाहीस ना?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मुलांमध्ये बसलो आणि डबा उघडला. या वेळी वर रुमाल घातला नाही.