गाठ पोटात, झटके डोळ्यांत

दीड-दोन वर्षांचं मूल. घरभर दुडूदुडू धावणारं, आणि चारआठ दिवसांत त्याला धड बसताही येईना. डोळे वर, खाली, तिरके, वाटेल तसे झटके मारतात. झोपेतसुद्धा पापण्यांखाली ते चालूच. हातपाय दचकल्यासारखे उडतात. जवळ घेतलं तरी चिडतं, रात्र रात्र रडतं. नाव ऑप्सोक्लोनस-मायोक्लोनस. १९६२ साली मार्सेल किन्सबोर्न यांनी अशा सहा बाळांची नोंद केली. दडलेल्या गाठीशी असलेलं नातं त्याच दशकात पुढे उमगलं.

*

आधी बहुधा ‘व्हायरलनंतर तोल गेलाय’ असंच सांगतात. त्यात डॉक्टरांना सरसकट दोष देववत नाही. तसं खरंच होतं आणि आपोआप बरंही होतं. मेंदूचा एमआरआयही बहुतेकदा नॉर्मल. दिलासा वाटतो, आणि तिथेच वेळ जातो. शोधायचं असतं छातीत-पोटात: मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत किंवा कण्याच्या कडेला न्यूरोब्लास्टोमाची गाठ. साधारण निम्म्या मुलांत ती सापडते. लघवीची तपासणी करतात, पण गाठ इवलीशी असली तर तीही काही बोलत नाही.

*

उलट बाजूने पाहिलं तर न्यूरोब्लास्टोमा झालेल्या शंभरांतल्या दोन-तीनच मुलांना हे होतं, आणि त्यांची गाठ सहसा सौम्य निघते. प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते. गाठीच्या पेशी मज्जासंस्थेच्याच गोतावळ्यातल्या, म्हणून त्याच माऱ्यात लहान मेंदूही सापडतो, असं मानतात. ज्यांच्यात गाठ मिळतच नाही, त्यांतल्या काहींची ती आधीच विरून गेली असावी, असाही तर्क आहे. मूल कर्करोगातून सुटतं. बोलणं, शिकणं, राग आवरणं यांत मात्र वर्षानुवर्षं मागे राहू शकतं. स्टिरॉइड, आयव्हीआयजी, रिटुक्सिमॅब यांची घाई असते ती त्यासाठी. ‘किती जगले’ या तक्त्यात ही मुलं उत्तम दिसतात. शाळेत घालताना आईबापांना तो तक्ता कुठे दाखवता येतो?

*

यो, री, हू. दडलेल्या गाठीपायी प्रतिकारशक्तीचा असा मारा मोठ्यांतही होतो; तेव्हा रक्तात शोधायच्या अँटीबॉडींची ही नावं, रुग्णांच्या आडनावांतल्या पहिल्या अक्षरांवरून पडलेली.

*

अँटी-यो: बहुतेक बायकांत, अंडाशयाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगासोबत. लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी मरतात, म्हणून गाठ काढली तरी गेलेली चाल सहसा परत येत नाही. २००७ साली होसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी मांडलेला एनएमडीए रिसेप्टरचा आजार याहून वेगळा. तरुण मुलीला भास होतात, मग तोंड चघळल्यासारखं हलत राहतं. कित्येकींच्या अंडाशयात टेराटोमा, तोही बहुधा कर्करोग नसलेला. तिथे अँटीबॉडी पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर धरते, पेशी शाबूत राहते. महिनोन्‌महिने आयसीयूत काढलेल्या मुलीही पुष्कळदा चालत घरी जातात.

*

कर्करोगाआधीच चाल बिघडलेली, आणि पेट स्कॅनमध्ये काही नाही. अँटीबॉडी कर्करोगाशी घट्ट नातं असलेली असेल तर दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन, दोन वर्षांपर्यंत.