बैठक कोणाच्या मापाची?

व्यापारी घरात मोटार घ्यायची ठरली की प्रथम किंमत, मग मायलेज आणि पुढे विकताना काय हाती येईल, एवढ्यावर चर्चा संपते. आत बसणाऱ्याची बैठक हा विषय सहसा निघत नाही. आमच्या घरी तो निघाला, त्याचे कारण आईचे गुडघे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने एकेक प्रवास सोडून दिला होता. मन नव्हते असे नाही. जुन्या सेडानच्या खोल बैठकीतून उठणे तिला जड जाई, आणि दोघांनी हात धरून बाहेर काढावे, हे तिला रुचत नसे.

मोंढ्यातील जुन्या मंडळींना अँबॅसेडर आठवत असेल. तीही सेडानच, पण तिची बैठक खुर्चीसारखी उंच, छत गोलसर आणि ऐसपैस. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. पुढच्या सेडान बुटक्या होत गेल्या. वाऱ्याचा विरोध कमी होतो, वळणावर गाडी कमी झुकते, हे त्याचे लाभ खरेच. परंतु छतासोबत बैठकही खाली गेली.

आमच्यापुढे दोन गाड्या होत्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच लांबीच्या : डिझायर आणि ब्रेझा. दोन्ही ३९९५ मिलिमीटर. नव्या डिझायरची उंची १५२५, ब्रेझाची १६८५ मिलिमीटर. म्हणजे सोळा सेंटीमीटरचा फरक. रुंदीत ब्रेझा साडेपाच सेंटीमीटरने सरस, त्यामुळे मागे तिघांचे खांदे थोडे मोकळे राहतात. उलट सामानाच्या जागेत डिझायर पुढे : ३८२ लिटर, तर ब्रेझात ३२८. एसयूव्ही म्हणजे सर्वच बाबतीत मोठी गाडी, हा समज येथे टिकत नाही.

लातूरला गाड्या पाहण्यास आईलाही सोबत नेले. डिझायरमध्ये ती मान वाकवून, दाराला धरून आत गेली. बसल्यावर म्हणाली, "यात बसून बरं वाटतं रे, पण उठायचं कसं?" ब्रेझाची बैठक तिच्या कमरेच्या जवळपास आली. ती पाठमोरी टेकली, मग पाय आत घेतले. कोणाचा हात लागला नाही. बैठक उंच असली की कंबर गुडघ्यांच्या वर राहते आणि उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. मात्र त्याहून उंच, चढून बसावे लागणारी गाडी दाखवताच तिने नकार दिला. नऊवारी नेसणाऱ्या, ठेंगण्या बांध्याच्या बाईला तो चढ म्हणजे जिनाच.

धाकट्या बंधूंनी सात आसनांची अर्टिगा सुचवली. तिन्ही रांगा उभ्या असता तिच्या मागे सामानास २०९ लिटर जागा उरते. आपल्या प्रवासात घरचा फराळ, उकळलेल्या पाण्याची भांडी, पूजेची वस्त्रे हे सोबत असतेच, कारण सूर्यास्तापूर्वीचे भोजन वाटेतील ढाब्यावर होत नाही. सात माणसे आणि हे सारे एकत्र कसे मावणार? शिवाय शेवटच्या रांगेत कोण बसणार, हे न सांगताही ठरलेले असते : सूनबाई आणि मुले. आईनेच विचारले, "माझे गुडघे वाचवायला तिचे गुडघे मोडायचे का?" त्यावर कोणी बोलले नाही. ब्रेझा घेतली.

या कार्तिकात आई कुंथलगिरीला येऊन गेली. सामानात एक बॅग कमी घ्यावी लागली. मागच्या मधल्या आसनावर पाठीला टेका नीट मिळत नाही, म्हणून तेथे एकाच व्यक्तीने सारा प्रवास करायचा नाही, असा नियम आम्ही केला. चहापाण्याला थांबलो की जागा बदलतात. त्या पाळीतून मीही सुटलो नाही.

ज्या घरी वृद्ध नाहीत आणि नांदेड-लातूर रस्त्यावर रोज धावावे लागते, तेथे सेडानची स्थिर बैठक अधिक सुखाची, असे मी आजही म्हणेन. पण गाडी पाहण्यास चालवणाऱ्या मुलानेच जाऊ नये. ज्याला चढ-उतार सर्वांत कठीण जाते आणि ज्याच्या वाट्याला नेहमी अडचणीची जागा येते, त्या दोघांना सोबत न्यावे. आधी त्यांना बसवावे, उठवावे. किमतीची बोलणी त्यानंतर करावीत.