नानांचा मिस्तर

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे आमचे गाव. माझे नाना, म्हणजे आईचे वडील, आमच्याकडेच राहत. तरुणपणी ते हैदराबादला एका उर्दू वर्तमानपत्रात कातिब होते. त्या काळी उर्दू वर्तमानपत्राचा मजकूर हाताने लिहून मग छापला जाई. नस्तालीक लिपीत अक्षरे एकमेकांना जोडलेली असतात आणि शब्द तिरका खाली उतरत जातो. त्यामुळे खिळे जुळवून ही लिपी छापणे फार अवघड होते.

१९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ ही छपाईची अक्षरे तयार झाली. पुढे १९९४ साली ‘इनपेज’ हे उर्दूचे सॉफ्टवेअर आले. संगणकावर उर्दू पाने तयार होऊ लागली आणि कातिबांचे काम हळूहळू थांबले. नाना गावी परतले. त्यांच्या पेटीत दौत होती, बोरू होते आणि एक जुना पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर समान अंतरावर दोरे ताणून बसवले होते. त्यावर कागद ठेवून बोटाने दाबला, की कागदावर सरळ ओळींचे ठसे उमटत. त्याला मिस्तर म्हणतात.

१९९८ साली मी सेलूला एका डीटीपी केंद्रात कामाला लागलो. मराठी मजकूर पेजमेकरमध्ये आणि उर्दू इनपेजमध्ये तयार करायचा, मग उर्दू मजकूर चित्रासारखा उचलून मराठीशेजारी ठेवायचा, असे ते काम होते. माझी बोटे भराभर चालत. त्याचा मला अभिमान होता.

एकदा नानांनी विचारले, “बेटा, आधी ओळी आखतोस ना?”

मी हसून म्हणालो, “नाना, संगणकाला ओळी आखाव्या लागत नाहीत.”

नाना काही बोलले नाहीत.

त्याच वर्षी माझ्या बहिणीचे लग्न ठरले. पत्रिका मीच करायची, असा मी हट्ट धरला. उजवीकडे उर्दू, डावीकडे मराठी. मराठी बाजूला खाली दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत ‘निकाह’ आणि त्यासमोर ‘रविवार, सकाळी ११ वाजता’. दुसऱ्या ओळीत ‘वलीमा’ आणि त्यासमोर ‘सोमवार, दुपारी १ वाजता’. वार आणि वेळ एकाखाली एक यावेत म्हणून मी स्पेसचे बटण दाबत राहिलो. खालच्या ओळीवर जायलाही मी स्पेसच दाबत गेलो. पडद्यावर सारे नीट दिसले.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी मला दुसरी अक्षरे अधिक सुंदर वाटली. मी ती बदलली आणि घाईत पुन्हा न वाचताच पत्रिका छापायला दिली. नवी अक्षरे थोडी रुंद होती. रिकाम्या जागेची रुंदीही प्रत्येक अक्षरवळणात वेगळी असते. त्यामुळे पहिल्या ओळीतली वेळ घसरून खाली गेली आणि ‘वलीमा’ या शब्दाच्या शेजारी जाऊन बसली.

पत्रिका वाटायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी शेजारचे काका पत्रिका हातात घेऊन आले.

“अरे, वलीमा रविवारी सकाळीच आहे का? मग निकाह कधी?”

मी पत्रिका पाहिली आणि माझा चेहरा उतरला. दोनशे पत्रिका छापल्या होत्या. साठ वाटून झाल्या होत्या. लग्नाला सहा दिवस उरले होते. अब्बा फक्त एवढेच म्हणाले, “लोकांना बोलावायचे आणि चुकीची वेळ सांगायची, हे बरे दिसत नाही.” ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्याबरोबर सेलूला आले. ते पहिल्यांदाच संगणकासमोर बसत होते. या वेळी मी घाई केली नाही. पानाच्या कडेला असलेल्या मोजपट्टीतून एक रेघ ओढून पानावर आणली. ही रेघ पडद्यावर दिसते, पण कागदावर छापली जात नाही. नाना एकदम पुढे वाकले.

“अरे, हा तर मिस्तर!”

खरोखरच तो मिस्तर होता. तो संगणकात पहिल्यापासून होता. मीच तो वापरला नव्हता.

मग मी ‘टॅब’ लावला. टॅब म्हणजे मजकूर कुठून सुरू व्हावा, याची ठरवलेली जागा. अक्षरे बदलली तरी ती जागा बदलत नाही. चार कोपऱ्यांतली फुले मी नजरेने बसवली होती. तीही संगणकाला सांगून एका रेषेत आणि समान अंतरावर घेतली.

नाना उर्दूची बाजू निरखत होते. ते म्हणाले, “इथे श्वास कोंडतो आहे.” मराठी अक्षरे शिरोरेषेखाली ओळीने उभी राहतात. नस्तालीकचे शब्द वरून खाली उतरतात, म्हणून त्यांना दोन ओळींमध्ये जास्त जागा लागते. मी मात्र दोन्हींकडे सारखेच अंतर ठेवले होते. आकडा सारखा होता, पण न्याय सारखा नव्हता. मी उर्दूच्या ओळी थोड्या दूर केल्या. मराठीचा मजकूर डाव्या कडेला आणि उर्दूचा उजव्या कडेला सरळ लावला. मध्ये मोकळी पट्टी सोडली. आता दोन्ही भाषा एकमेकींना धक्का न लावता शेजारी बसल्या.

नव्या पत्रिकांचा खर्च मी माझ्या पगारातून दिला. साठ घरी जाऊन जुन्या पत्रिका परत घेतल्या आणि चूक माझी होती, हे प्रत्येक दारात सांगितले. लग्नाला सगळे वेळेवर आले.

आता नाना नाहीत. पेजमेकरही मागे पडले आणि नवी सॉफ्टवेअर आली. मिस्तर मात्र माझ्या टेबलावर आहे.

वालूरला एक जुनी दगडी बारव आहे. तिच्या पायऱ्या चक्राप्रमाणे वळत वळत पाण्याकडे उतरतात. अनेक वर्षे ती गाळाने आणि कचऱ्याने भरलेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हा तिचे रूप दिसले. तिथे उभा राहिलो की मला नाना आठवतात. पायऱ्या मापात असल्या, म्हणजे उतरणाऱ्याला प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागत नाही. पानाचेही तसेच आहे. ओळी मापात असल्या आणि मोकळी जागा योग्य ठिकाणी सोडली, म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा अडखळत नाही.

आजही कोणतेही पान करायला घेतले, की मी पहिले अक्षर लिहिण्याआधी ओळी आखतो.