जुन्या गाडीला नवी बॅटरी

जुनी गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे पहिला संशय बॅटरीवर जातो, आणि बहुतेक वेळा तपासही तिथेच संपतो. संशय अगदीच निराधार नाही. बीडसारख्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, बॅटरीतलं पाणी आटतं, प्लेटा उघड्या पडतात आणि बॅटरी वेळेआधीच जाते. तरीही गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा म्हणून माझं ठाम मत आहे की वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीत भागांच्या आधी जोड खराब होतात. टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवा थर, अर्थिंगची वायर बॉडीला जिथे आवळलेली असते तिथला गंज, आतून काळी पडलेली तांब्याची तार. दोष इथे असतो आणि बदलली जाते बॅटरी, नाहीतर सेल्फ.

हिशेब करून पाहू. मारुती ८०० सारख्या छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० अँपिअर करंट ओढतो. वाटेतल्या एखाद्या जोडात गंजामुळे फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आला, तरी तिथेच २ व्होल्ट खर्ची पडतात. हेडलाइटचे दोन्ही बल्ब मिळून १० अँपिअरच्या आसपास घेतात. त्याच जोडातून त्यांचा करंट गेला तर ०.२ व्होल्टच कमी होतात आणि प्रकाशातला फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणून ‘लाइट लख्ख लागतात, म्हणजे वायरिंग ठीक आहे, सेल्फच गेला’ हा निष्कर्ष टिकत नाही. उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटरने १२.६ व्होल्ट दाखवले, तर ती चार्ज आहे एवढंच कळतं. मोजायचं ते सेल्फ मारताना. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर बघावं. बॅटरीच्या दोन खांबांवरचा आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ अडकून जास्त करंट खातोय. आकडा ११ च्या आसपास टिकला आणि तरी सेल्फ नुसता टकटक करत असेल, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं थेट इंजिनच्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं की अर्थिंग खराब. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याची अर्थिंगची पट्टी तुटली तर करंट क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती केबल हाताला गरम लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की नवी बॅटरी टाकल्यावर गाडी सुरू होते, मग दोष बॅटरीचाच नव्हता का? नव्हता, असंही होतं. नवी बॅटरी ओझ्याखाली जास्त व्होल्टेज धरून ठेवते. जोडात २ व्होल्ट गेले तरी उरलेल्यात सेल्फ कसाबसा फिरतो. गंज वाढतच असतो, बॅटरीही हळूहळू जुनी होते आणि तीच तक्रार परत येते. धक्का मारून सुरू झालेली गाडीही दोष कुठे शोधायचा ते सांगते. धक्क्याने इंजिन धरलं म्हणजे प्लगला ठिणगी आहे आणि पेट्रोल पोचतंय. तपास बॅटरी, सेल्फ आणि त्यांच्या जोडांपुरता उरतो. एवढी मोलाची माहिती हाती येऊनही आपण ती मिस्त्रीला सांगत नाही.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही, हा आजारच निराळा. तिथे बॅटरीला हात लावायचं कारण नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत तेव्हा ठिणगी आणि पेट्रोल, या क्रमाने बघावं. बीडकडच्या पालीवरून मांजरसुंब्याचा घाट भर उन्हात चढून गाडी थांबवली आणि लगेच सुरू झाली नाही, पण गार झाल्यावर झाली, तर पेट्रोलची वाफ अडकल्याची शक्यता मोठी. पद्मिनी-ॲम्बेसिडरचे ड्रायव्हर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. हल्ली मात्र सगळं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडलं जातं. २० टक्के इथेनॉलमुळे जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम खराब होऊ शकतो, हे खरं आहे. पण पाइप फुगला आहे का, डायफ्रॅम गळतोय का, हे उघडून बघता येतं. न बघता इथेनॉलला दोष देणं आणि न मोजता बॅटरीला दोष देणं, दोन्ही सारखंच चूक.

‘पार्ट बदलून मोकळं व्हावं, तपासणीत कोण वेळ घालवणार?’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रींचीही अडचण मला समजते. गिऱ्हाईक नव्या पार्टचे हजारो रुपये देतं, पण अर्धा तास मीटर लावून शोधलेल्या गंजलेल्या बोल्टचे पैसे द्यायला कुरकुरतं. ही सवय आपण गाडीवाल्यांनी मोडायला हवी. पुढच्या वेळी गाडी अडली तर मिस्त्रींना सांगा, सेल्फ मारताना मीटरचा आकडा दाखवा. आणि पार्ट काहीही लागला नाही, तरी तपासणीचे पैसे मनापासून द्या.