एल्कहार्टची सातवी खिडकी

शिकागोहून पूर्वेकडे सुमारे पावणेदोनशे किलोमीटर गेले की इंडियाना राज्याच्या उत्तर सीमेजवळ एल्कहार्ट हे शहर लागते. सेंट जोसेफ आणि एल्कहार्ट या दोन नद्यांचा येथे संगम होतो. एके काळी हे गाव पितळी वाद्यांसाठी प्रसिद्ध होते. आज त्याची ओळख चालत्या घरांची, म्हणजे मोटारहोमची राजधानी अशी आहे. स्वयंपाकघर, शय्या, स्नानगृह असे सारे एका वाहनात बसवण्याचा हा उद्योग या जिल्ह्याचा प्राण होय. असली वाहने लोक सुबत्तेत आणि बहुधा कर्ज काढून घेतात. त्यामुळे मंदीचा पहिला घाव येथेच बसतो. 2009 साली येथील बेकारी अठरा टक्क्यांच्या पुढे गेली होती. शहरातील संग्रहालयात 1913 सालचे ओढगाडीचे घर जपून ठेवले आहे. ते पाहताना आपल्याकडील बैलगाडीच्या छपराची आठवण होते.

कारखान्यांत काम करणाऱ्यांमध्ये आमिश पंथाचे लोक पुष्कळ आहेत. हे शांतिव्रती ख्रिस्ती, युद्धात शस्त्र न धरणारे. ते स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. आणि दुसऱ्यांसाठी मात्र मोटारीतली घरे बांधतात. या विसंगतीला हसणाऱ्याने आपल्या घरातील विसंगती आधी मोजाव्यात.

याच परिसरात सांगलीकडचे एक जैन दांपत्य स्थायिक झाले आहे. दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमुळांचा त्याग आणि गाळून उकळलेले पाणी एवढे नियम सांभाळून परदेशात प्रवास करणे सोपे नाही. म्हणून त्यांनी 1976 सालचे एक जुने मोटारहोम विकत घेतले. लाकडी सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि सरकत्या काचांच्या सात खिडक्या. मिशिगनमधील डेट्रॉइटजवळच्या जैन मंदिरापर्यंत आणि शिकागोजवळच्या बार्टलेटच्या मंदिरापर्यंत हे घर कित्येकदा जाऊन आले. बाईंचा स्वयंपाक ओट्यावरच्या खिडकीपाशी चाले, आणि खिडकीतले ऊन पाहूनच त्या जेवणाची वेळ ठरवीत.

दोष त्या खिडक्यांतच निघाला. भिंतीचा आतला तक्ता फुगला, ओट्याखालची जमीन पावलाखाली दबू लागली. एका कारखान्याने सल्ला दिला की जुन्या खिडक्या काढून टाका, तयार नव्या बसवा. गृहस्थांना तो रुचला नाही. काच शाबूत, चौकट शाबूत. मग टाकायचे कशासाठी?

अशा खिडकीची रचना समजून घेण्यासारखी आहे. बाहेरची चौकट पत्र्यावर टेकते, आतून एक कडे स्क्रूने आवळले की दोन्हींच्या मध्ये भिंत पकडली जाते. चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये ब्यूटाइल नावाच्या चिकट रबराची पट्टी असते. पन्नास वर्षांत ती वाळून तडकते. खालच्या खाचेत पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती धुळीने बुजली की पावसाचे पाणी आत वळते आणि लाकूड कुजू लागते. वरून सिलिकॉन फासणे हा आळशाचा उपाय. पाणी आतच कोंडते आणि पुढे त्यावर दुसरे काहीच चिकटत नाही.

दशलक्षण पर्व संपल्यावर काम सुरू झाले. मदतीला शेजारचा आमिश सुतार आला. एकेक खिडकी उतरवायची, जुना चिकटा लाकडी पट्टीने खरवडायचा, चौकट कर्ण मोजून काटकोनात आहे का ते पाहायचे, काच सरकण्याची लोकरी पट्टी बदलायची, कुजलेले लाकूड काढून नवे जोडायचे. दिवसाला एक, अशा सहा खिडक्या झाल्या.

सातवी ओट्यावरची. तिच्या खालच्या खाचेत गवताच्या काड्या ठासून भरलेल्या होत्या. सुताराने ओळखले, हे गवत वाहणाऱ्या गांधीलमाशीचे घर. आपली कुंभारमाशी मातीचे घर करते, ही काड्यांचे. आत बंद कोशांत अळ्या हिवाळा काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माशी होऊन बाहेर पडतात. चतुरिंद्रिय जीव, तोही निद्रिस्त.

“अहो, ही खिडकी राहू द्या. ती उठून गेल्यावर पाहू,” बाई म्हणाल्या.

“तोवर खालची जमीन राहणार नाही,” गृहस्थांनी सांगितले. ते खोटे नव्हते. एल्कहार्टला हिवाळ्यात भरपूर बर्फ पडते, आणि वितळलेले पाणी वाट शोधतेच. सुताराने सुचवले, काड्यांसह पट्टी अखंड ओढून लाकडाच्या कोठारात ठेवावी. त्याने हलके ओढून पाहिले, तर पट्टी अर्ध्यातच तुटू लागली. त्याने हात मागे घेतला.

दोन दिवस घरात या विषयावर फारसे बोलणे झाले नाही. तिसऱ्या दिवशी गृहस्थ स्वतःच ताडपत्री घेऊन आले. चौकटीवरून ती ताणून बांधली. वारा राहावा म्हणून खालची कड मोकळी ठेवली. सुताराने त्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

ताडपत्रीने बरेच अडवले, सारे नाही. मार्चमध्ये ओट्याखालचा दोन फूट लांब-रुंद तक्ता पार मऊ झालेला आढळला; तो कापून नवा घालावा लागला, आणि खर्चाच्या वहीत त्याची नोंद “खिडकी क्र. 7” याच नावाखाली झाली. जूनच्या अखेरीस काड्यांमधले कोश रिकामे दिसले. मग ती चौकट उतरली. नवी पट्टी, नवा चिकटा, मोकळी केलेली छिद्रे. नंतर बागेतल्या नळीने खालून वर असे अर्धा तास पाणी मारून पाहिले. आत बाई कोरडा रुमाल घेऊन बसल्या होत्या. रुमाल कोरडाच राहिला.

संध्याकाळी दिवस बराच शिल्लक असताना त्याच खिडकीपाशी भात शिजला. सुतारालाही बोलावले होते. बग्गी अंगणात उभी करून तो जेवायला आत आला.